मातृभाषा कोणती? : पुसदच्या संदर्भात इंग्रजी-अध्यापनातील काही वाद

इंग्रजीचे अध्यापन कोणत्या वयात सुरू करावे, ते कोणत्या पद्धतीने करावे आणि ते करीत असता विद्यार्थ्याच्या मातृभाषेस वर्गात कितपत स्थान द्यावे, हे तीन प्रश्न मराठी मुलखात पावणेदोनशे वर्षे या ना त्या रूपाने चर्चिले जात आहेत. उपयोजित भाषाविज्ञान हे शास्त्र त्या मानाने पुष्कळच अलीकडचे. तथापि त्याच्या इतिहासातील बरेचसे गाजलेले वादही याच तीन प्रश्नांभोवती फिरत आले आहेत. वाद तीव्र आहेत, आणि उभय पक्षांनी आपापल्या बाजूने पुष्कळ पुरावाही गोळा केलेला आहे. परंतु एका बाबतीत वादी आणि प्रतिवादी यांचे नकळत एकमत झालेले दिसते. विद्यार्थ्याला एक मातृभाषा असते, ती कोणती हे शाळेला ठाऊक असते, आणि इंग्रजीखेरीजचे अध्यापन त्याच भाषेतून चालते, हे दोघेही गृहीत धरून चालतात. हे गृहीतकृत्य जेथे लागू पडत नाही तेथे या वादांचे काय होते, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुका हे एक चांगले उदाहरण आहे.

पुसद हे पूस नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात मोडत असे. तो जिल्हा मोडल्यावर तो यवतमाळला जोडण्यात आला. दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे मराठवाडा. गावात व आसपासच्या खेड्यांत जी मराठी ऐकू येते ती वऱ्हाडी वळणाची. मुसलमान वस्तीत उर्दू आहे. डोंगराळ भागात राहणारे आंध लोक मराठीच बोलतात. परंतु तालुक्यात ठिकठिकाणी बंजारा समाजाचे तांडे आहेत, आणि तांड्यावर घरात चालते ती गोरमाटी. जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे वळले की कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातील भाषा भेटतात. तेव्हा एकाच जिल्ह्यातील शाळांत पहिलीच्या वर्गात येणारी मुले निरनिराळ्या भाषा, आणि तेही दोन भिन्न भाषाकुळांतील, घेऊन येतात. शाळेच्या दाखल्यावर 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. तो भरताना बहुधा 'मराठी' एवढेच लिहिले जाते. आणि लिहिणाऱ्याला त्यात काही चूक केल्यासारखे वाटत नाही.

वऱ्हाडी मुलाच्या बाबतीत हा शब्द अगदीच चुकीचा नाही. पण तो पुरता बरोबरही नाही. हे मूल 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणते. 'डोळा' म्हणत नाही, 'डोया' म्हणते. 'पाणी' त्याच्या तोंडी 'पानी' होते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला कळते, मात्र ती त्याला शिकावी लागते. गुरुजी जेव्हा त्याच्या 'मले पायजे'ला 'मला पाहिजे' असे सुधारतात, तेव्हा ते त्याला लेखनाची भाषा शिकवीत असतात, असे म्हणता येईल. दुर्दैवाने पुष्कळदा मुलाला ते तसे समजत नाही. आपल्या घरची बोली अशुद्ध आहे एवढेच त्याच्या ध्यानात येते. इंग्रजीच्या तासाला त्याची पुढे जी गप्प बसण्याची सवय दिसते, तिचे मूळ कदाचित मराठीच्या तासातच असू शकेल. या शक्यतेचा विचार इंग्रजी-अध्यापनाच्या चर्चेत क्वचितच होतो.

गोरमाटीची गोष्ट निराळी आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषा व खानदेशी यांच्या शेजारी बंजारी अथवा लभाणीची नोंद केली. या भाषेचे नाते राजस्थानी बोलींशी आहे, हे आता सर्वमान्य आहे. रॉनल्ड ट्रेल यांनी १९७० मध्ये लमाणीचे स्वतंत्र व्याकरण प्रसिद्ध केले. 'माझे' याला 'मारो', 'आहे' याला 'छ', 'काय' याला 'काई', आईला 'याडी' म्हणणारे मूल मराठी शाळेत येते तेव्हा ते शेजारच्या कुळातील एका निराळ्या भाषेत प्रवेश करीत असते. ही भाषा मराठीची बोली नव्हे. ती हिंदीचीही बोली नव्हे. परंतु २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा म्हणून सांगणाऱ्या सुमारे ३२ लाख ७७ हजार लोकांची गणना हिंदी या शीर्षाखाली करण्यात आलेली आहे. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर जे मूल मराठी भाषिक ठरते तेच जनगणनेच्या तक्त्यात हिंदी भाषिक ठरते, आणि घरी तर ते या दोहोंपैकी काहीच बोलत नाही!

आता वादांकडे वळू. मुंबई इलाख्यात १८४०च्या दशकात शिक्षण मंडळापुढे जो वाद झाला तो सुपरिचित आहे. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतून देण्याकडे होता. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहीम मकबा हे एतद्देशीय सभासद देशी भाषांचा पक्ष मांडीत होते. १८४७ साली शंकरशेट यांनी आपले मत लेखी नोंदविले. बहुजनांपर्यंत ज्ञान पोचवावयाचे तर ते देशी भाषांच्या द्वारेच पोचेल, हा त्या पक्षाचा गाभा होता, आणि तो आजही खरा आहे. मात्र ज्या मराठीसाठी हा पक्ष भांडत होता ती मराठी त्याच सुमारास कोशांनी आणि क्रमिक पुस्तकांनी घडत होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला होता; मेजर कँडी शालेय मराठीला वळण लावीत होते. पुसद त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि मग ही घडलेली मराठी तेथे तयार स्वरूपात जाऊन पोचली. वादाचे फळ मिळाले, पण वादात पुसदला जागा नव्हती. हाच अनुभव पुढेही वारंवार आलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात इंग्रजीचे अध्यापन पाचवी ते सातवी या इयत्तांतून काढून आठवीपासून ठेवले. १९५४ च्या जानेवारीत त्याच राज्याच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन अथवा आशियाबाह्य वंशाच्या मुलांखेरीज इतरांस प्रवेश देऊ नये असा आदेश काढला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो घटनाबाह्य ठरविला. या खटल्यातील एक बारकावा भाषाभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. दाद मागणाऱ्यांत एक भारतीय ख्रिस्ती गृहस्थ होते व आपली मातृभाषा इंग्रजीच आहे असे त्यांचे म्हणणे होते. मातृभाषा वंशावरून ठरवावी की घरातील व्यवहारावरून, हा प्रश्न अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊन उभा राहिला होता. पुसद तेव्हा मध्यप्रदेशात असल्याने यांपैकी कोणताच निर्णय त्यास लागू नव्हता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि पुढे इंग्रजी पाचवीपासून हे सूत्र कित्येक दशके टिकले. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्रिपदी असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुलीचे, बंजारा समाजातील. महाराष्ट्राचा १९६४ चा राजभाषा अधिनियम त्यांच्याच कारकीर्दीत झाला. मराठीला राज्यकारभाराची भाषा करण्याचे काम तांड्यावरून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या हातून व्हावे, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. उलट, घरची भाषा एक आणि सार्वजनिक भाषा दुसरी, असे दुहेरी जीवन या मुलखात किती स्वाभाविकपणे जगले जाते याची ती साक्ष आहे. इंग्रजीच्या वादांत हे दुहेरीपण मोजलेच जात नाही, एवढाच मुद्दा आहे.

२००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने राज्यातील सर्व मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्या वेळी जो गदारोळ उठला त्यात एक बाजू मराठीच्या अस्तित्वाविषयी बोलत होती, दुसरी बाजू बहुजनांच्या मुलांना संधी मिळण्याविषयी बोलत होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे हेटाळण्यासारखे खचितच नव्हते. शहरातील सुखवस्तू वर्ग आपली मुले इंग्रजी माध्यमात घालून मोकळा झाला होता. खेड्यातील मुलांनीच पाचवीपर्यंत का थांबावे, या प्रश्नास भावनेच्या भाषेत उत्तर देता येण्यासारखे नव्हते. उत्तर द्यावयाचे तर ते भाषा-ग्रहणाच्या शास्त्रातून द्यावयास हवे होते. ते शास्त्र काय सांगते?

लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषा-ग्रहणाचा एक जीवशास्त्रीय निर्णायक काल असतो अशी उपपत्ती मांडली. तिचा विषय मुख्यतः पहिली भाषा हा होता. तरीही 'जितके लवकर तितके बरे' या लोकमतास तिने शास्त्राचे पाठबळ मिळाले, किंवा मिळाल्यासारखे वाटले. प्रत्यक्ष शाळांतून घेतलेले पुरावे मात्र वेगळेच निघाले. इंग्लंड व वेल्समध्ये १९६४ पासून आठव्या वर्षी फ्रेंच शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९७४ मध्ये क्लेअर बर्स्टॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. अकराव्या वर्षी आरंभ केलेल्या मुलांशी तुलना करता, आठव्या वर्षी आरंभ केलेली मुले सोळाव्या वर्षी केवळ ऐकून समजण्याच्या कसोटीत पुढे राहिली होती; इतर कसोट्यांत तो लाभ टिकलेला नव्हता. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांनी संपादिलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अध्यापनाचे तास सारखे ठेवून तुलना करता, उशिरा आरंभ करणारी मुले अधिक वेगाने शिकतात असे दिसून आले. लहान मूल भाषा सहज उचलते हे खरे. पण ते ती दिवसभर भाषेत राहून उचलते. आठवड्यातून काही तासिका मिळणाऱ्या वर्गात लहान वयाचा हा गुण वाया जातो आणि मोठ्या मुलाची बुद्धी कामास येते.

याला एक व्यवहारातील गोष्ट जोडून पाहावी. २००० साली पहिलीच्या वर्गात इंग्रजी शिकवावयास उभे राहिलेले बहुसंख्य शिक्षक स्वतः पाचवीत किंवा त्याहून उशिरा इंग्रजी शिकलेले होते, आणि त्यांना बोलण्याचा सराव असण्याचे काही कारण नव्हते. लवकर आरंभाचा जो एकमेव टिकाऊ लाभ, म्हणजे कान तयार होणे, तोच शिक्षकाच्या उच्चारावर सर्वस्वी अवलंबून असतो. 'असर'च्या २०१६ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील २४·५ टक्के मुलांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता येत होती. आठवीतील हे प्रमाण २००९ मध्ये ६०·२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ४५·२ टक्क्यांवर आले. ही घसरण लवकर आरंभामुळे झाली असे यावरून म्हणता येणार नाही. शाळेत टिकणाऱ्या मुलांची संख्या व घडणही या काळात बदलत होती. परंतु लवकर आरंभ केल्याने आपोआप काही साधते, हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

बार्सिलोनाच्या संशोधनातील एक गोष्ट पुसदच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ती मुले कातालान आणि स्पॅनिश या दोन भाषांत वाढलेली होती. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा होती. तांड्यावरील मुलाचीही ती तिसरीच. मात्र बार्सिलोनातील मुलाच्या दोन्ही भाषा शाळेला माहीत असतात व शाळा त्यांचा हिशेब ठेवते. पुसदच्या मुलाची पहिली भाषा शाळेच्या हिशेबात नसते. त्यामुळे त्याच्या वाट्याला पहिलीतच दोन नव्या भाषा एकदम येतात, आणि अभ्यासक्रम मात्र त्यातली एकच नवी समजतो.

दुसरा वाद पद्धतीचा. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. भाषांतर-पद्धतीला पुढे पुष्कळ नावे ठेवण्यात आली. ती मुलाला बोलावयास शिकवीत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता: मुलाला जे माहीत आहे त्यावरून माहीत नसलेल्याकडे जावयाचे हे तिचे सूत्र होते. पुसदच्या तांड्यावर या सूत्राची अडचण अशी की, ज्या मराठी वाक्यावरून इंग्रजीकडे जावयाचे ते वाक्यच मुलाला अर्धवट माहीत असते. एका अनोळखी गोष्टीचे स्पष्टीकरण दुसऱ्या अनोळखी गोष्टीने केल्यासारखे ते होते. रचना-पद्धतीने भाषांतर वर्ज्य केले, वाक्यरचनांची चढती श्रेणी लावली आणि तोंडी सरावावर भर दिला. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाल्यावर या पद्धतीचा देशभर प्रसार झाला. तांड्यावरील मुलाला या पद्धतीत निदान मराठीच्या मध्यस्थीची सक्ती नव्हती. मात्र ज्या प्रसंगांभोवती हा सराव गुंफावयाचा ते प्रसंग त्याला कोणत्या तरी भाषेत समजावून द्यावे लागतच, आणि ती भाषा पुन्हा मराठीच असे. खडू उचलून टेबलावर ठेवता येतो. 'जर पाऊस पडला असता तर' हे हातवाऱ्यांनी दाखविता येत नाही.

या पार्श्वभूमीवर एन. एस. प्रभू यांचा बंगळूर-प्रकल्प लक्षणीय ठरतो. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत त्यांनी व्याकरणाची श्रेणी बाजूस ठेवली आणि मुलांना वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे, हिशेब जुळविणे अशी कामे इंग्रजीतून दिली. लक्ष अर्थाकडे गुंतले की व्याकरण आपोआप आत जाऊन बसते, असा त्यांचा सिद्धांत होता. बेरेटा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये त्याचे मूल्यमापन केले. निष्कर्ष प्रकल्पाला एकंदरीत अनुकूल निघाले; मात्र वाक्यरचनांच्या चाचणीत रचना-पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली, आणि मूल्यमापनाच्या रीतीवरही पुष्कळ टीका झाली. जो वर्ग ज्या गोष्टीचा सराव करतो त्या गोष्टीत तो पुढे असतो, यात नवल ते काय! १९९० मध्ये प्रभूंनी स्वतःच सर्वोत्तम अशी पद्धती नसतेच असे प्रतिपादन केले; शिक्षकाला स्वतःला काय पटते व का पटते, हे त्यांनी पद्धतीहून अधिक मोलाचे मानले. पद्धतींच्या वादात इतके शहाणपणाचे विधान दुसरे क्वचितच झाले असेल.

तिसरा वाद चुकांचा आहे, आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास तो सर्वांत रंजक वाटेल. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये व्यतिरेकी विश्लेषणाचे तत्त्व मांडले: दोन भाषांची रचना शेजारीशेजारी ठेवली की विद्यार्थ्याला कोठे अडेल ते आधीच सांगता येते. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी भाषिकांच्या इंग्रजी उच्चारावरील निबंध 'वर्ड' या अमेरिकन नियतकालिकात आला. मराठी माणसाच्या इंग्रजीतील लकबी म्हणजे अज्ञानाचे फुटकळ नमुने नसून त्यांना व्यवस्था असते, ही दृष्टी मराठी अभ्यासकांना त्यातून मिळाली. मराठी माणूस 'झिरो' का म्हणतो, इंग्रजीतील दोन निरनिराळ्या ध्वनींसाठी एकच 'व' का वापरतो, 'थ' आणि 'द' यांवर का भागवितो, याचे उत्तर मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत आहे. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चूक ही विद्यार्थ्याच्या मनात बनत चाललेल्या नियमांची खूण होय असे म्हटले, आणि सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या मधल्या व्यवस्थेस आंतरभाषा असे नाव दिले. ड्युले व बर्ट यांनी तर मुलांच्या चुकांत मातृभाषेचा वाटा अल्पच असतो असा दावा केला.

या वादाची परीक्षा घेण्यास यवतमाळ जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र शोधून सापडणार नाही. उपपदांचे उदाहरण घ्या. मराठीत उपपद नाही, गोरमाटीत नाही, कोलामीतही नाही. तेव्हा इंग्रजी उपपद गाळण्याची चूक तिन्ही घरच्या मुलांकडून व्हावी. तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदाचा 'स' तर जगभरची मुले गाळतात, मग त्यांची मातृभाषा कोणतीही असो. अशा चुका मातृभाषेच्या खात्यावर टाकण्यात अर्थ नाही. सर्वनामांची गोष्ट वेगळी आहे. मराठीत खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते'. प्रत्येक नामाला व्याकरणिक लिंग असते. इमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील बोलीच्या आधारे १९५५ मध्ये कोलामीचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यात लिंगव्यवस्था अगदी निराळी आहे: पुरुषवाचक नामे एका वर्गात, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू मिळून दुसऱ्या वर्गात. व्यतिरेकी विश्लेषण खरे असेल तर मराठी मूल इंग्रजीत खुर्चीला स्त्रीलिंगी सर्वनाम लावील, आणि कोलाम मूल बाई व वस्तू यांच्या सर्वनामांत घोटाळा करील. विकासवादी पक्ष खरा असेल तर दोघांच्या चुका सारख्याच निघतील. एका जिल्ह्यात, एकाच पाठ्यपुस्तकावर, तुल्य शिक्षकांच्या हाताखाली ही दोन्ही भाकिते पडताळून पाहता येतात. जी मुले दाखल्यावर सरसकट 'मराठी' लिहिली जातात त्यांच्या चुकांची बेरीज एकत्र केली, तर दोन्ही पक्षांस हवा तो निष्कर्ष काढता येईल आणि दोन्ही निष्कर्ष निरर्थक ठरतील.

वर्गात मातृभाषा वापरावी की नाही, हा वाद आता बराचसा निकालात निघाला आहे. १९६१ मध्ये युगांडातील माकेरेरे येथे झालेल्या परिषदेत इंग्रजी इंग्रजीतूनच, आणि शक्य तितक्या लवकर, शिकवावी या धर्तीची तत्त्वे दृढ झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्यांस पाच भ्रम असे म्हटले. भारतात देबीप्रसन्न पट्टनायक आणि रमाकांत अग्निहोत्री यांनी बहुभाषिकता हे वर्गातील साधन आहे, अडथळा नव्हे, हा विचार सातत्याने मांडला. प्रमाण इंग्रजी कोणती मानावी यावरील क्वर्क व कच्रू यांच्या १९९०-९१ मधील वादाने विद्वानांचे पुष्कळ लक्ष वेधले. पण ज्या वर्गात कोणत्याच प्रकारची इंग्रजी पुरेशी ऐकू येत नाही तेथे तो वाद थोडा दूरचाच वाटतो. पुसदमध्ये खरा प्रश्न निराळा आहे. इंग्रजीच्या तासाला मातृभाषेची मदत घ्यावी असे ठरले, तर शिक्षकाने कोणती भाषा वापरावयाची? 'मातृभाषेची मदत' म्हणून तो मराठी बोलेल, आणि वर्गातील निम्म्या मुलांना तीही शिकावयाचीच भाषा असेल.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याक मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी असे सांगतो. आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात कोलामी होती व बंजाराही होती. महाराष्ट्रात मात्र बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नव्हे. आंध्रात, आणि आता तेलंगणात, तो अनुसूचित जमातींत आहे. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेच्या एका तीरावर जी भाषा आदिवासी भाषा म्हणून पाठ्यपुस्तकास पात्र ठरली, तीच दुसऱ्या तीरावर त्या खात्याच्या कक्षेबाहेर पडते. भाषेचे शैक्षणिक भवितव्य तिच्या व्याकरणावरून ठरत नाही, तिच्या भाषकांच्या वहुसंख्येवरूनही ठरत नाही. ते अनुसूचीवरून ठरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन-निर्णय निघाला आणि प्रखर विरोधानंतर जूनअखेर मागे घेण्यात आला. त्या वादातही मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिघींचीच नावे घेतली गेली. तांड्यावरील मुलाच्या दृष्टीने ती तिसरी नव्हे, चौथी भाषा झाली असती, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

गोरमाटीतून सर्व शिक्षण द्यावे असा याचा अर्थ नव्हे. तांड्यावरील पालकांना बहुधा तसे नको असते. त्यांना मुलासाठी मराठी हवी असते आणि त्याहून अधिक इंग्रजी हवी असते. अर्ध-इंग्रजी वर्गाकडे असलेली त्यांची ओढ हा अज्ञानाचा परिणाम आहे असे मानणे उद्धटपणाचे होईल. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला परस्परावलंबनाचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो: पहिल्या भाषेत आलेले वाचन-विचाराचे सामर्थ्य दुसऱ्या भाषेत उतरते, बशर्ते त्या पहिल्या भाषेला वाढावयास थोडी जागा मिळालेली असावी. पहिली-दुसरीत गोष्ट गोरमाटीत ऐकून ती मराठीत सांगणे आणि मग तिच्यातील चार शब्द इंग्रजीत म्हणणे, इतक्यानेही ती जागा मिळू शकते. त्याला नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. गोरमाटी जाणणारा शिक्षक, किंवा तांड्यावरील एखादी शिकलेली मुलगी, लागते.

मायकेल वेस्ट यांनी ढाक्यातील अनुभवावरून १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात एक कल्पना विमा-व्यवहारातून उचललेली आहे. हप्ते मध्येच थांबले तर विमेदारास जी रक्कम परत मिळते ते समर्पण-मूल्य. शिक्षणाचेही असे मूल्य काढावे, असे वेस्ट म्हणतात: अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? बंगालच्या मुलांपैकी फार थोडी शेवटपर्यंत टिकतात, तेव्हा इंग्रजीचा लाभ शेवटच्या वर्षावर ठेवणे हा अन्याय आहे, आणि म्हणून वाचन आधी शिकवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्षाविषयी मतभेद होऊ शकतो. प्रश्न मात्र वय, पद्धती व माध्यम यांवरील सगळ्या वादांहून अधिक मूलगामी आहे, आणि पुढच्या शतकभरात तो जवळजवळ विसरला गेला. पुसद भागातील पुष्कळ तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीस किंवा बांधकामावर जातात व मुले बरोबर नेतात. अशा मुलाला सहावीत शाळा सुटली, तर सहा वर्षे शिकलेल्या इंग्रजीतून काय उरते? औषधाच्या वेष्टणावरील नाव, मजुरीच्या पावतीवरील आकडे, मुकादमाने पुढे केलेला कागद, मोबाइलच्या पडद्यावरील सूचना, यांपैकी काय त्याला वाचता येते? आणि मराठीतून काय उरते?

हे मोजणे अवघड नाही. एका शाळेतील एकाच वर्गात घरी वऱ्हाडी, गोरमाटी व उर्दू बोलणाऱ्या मुलांचे तीन गट करावे. दाखल्यावरील रकान्यावर विसंबू नये, घरी आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस असे मुलालाच विचारावे. आणि वाचन, श्रवण व चुकांचे स्वरूप यांची तिसरी, पाचवी व सातवीत नोंद घ्यावी. कोलामीसाठी असाच एक वर्ग जिल्ह्याच्या पूर्व भागात निवडावा. पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले हे काम आहे. पहिली नोंद मात्र पावसाळ्यातच घ्यावी लागेल. दिवाळी झाली की तोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातील काही बाके उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहतात.